आभाळातल्या दगडाला भंडारा

मी पुण्यात नेमकं काय शिकते हे काटेवाडीत कुणालाच धड सांगता येत नव्हतं, आणि त्यात गावाची काही चूक नव्हती. कुणी विचारलं की आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, सरळ सांगायचे, "दगडं फोडती." ते खरंच होतं. मी दगडच फोडत होते. फक्त ते दगड आभाळातनं पडलेले होते.

तारा तुटताना दिसतो तेव्हा वरून येणारा एक खडा जळत असतो. बहुतेक खडे जळूनच जातात. एखादा मोठा असला तर वरून करपतो, आतून थंडच राहतो आणि जमिनीपर्यंत पोचतो. त्याला अशनी म्हणतात. त्यातले काही कोळशासारखे काळे नि ठिसूळ असतात, आणि त्यांच्या पोटात पृथ्वी व्हायच्याही आधीचा माल जसाच्या तसा राहिलेला असतो. जीव घडायला जे सामान लागतं ते त्या मालात आहे का, आणि असलंच तर ते खरोखर वरूनच आलंय का, हे बघायचं, हा माझा अभ्यास. पृथ्वीबाहेर कुठं जीव असेल का या प्रश्नाचं हे अगदी खालचं टोक, आणि मी त्या टोकाला चिकटून बसले होते.

शहाण्णव साली पेपरात बातमी आली की मंगळावरून आलेल्या एका दगडात जिवाच्या खुणा सापडल्या असाव्यात, असं परदेशातले शास्त्रज्ञ म्हणतात. त्यांच्यात त्यावरून वाद पेटला होता, पण आमच्याकडं वाद वगैरे काही नव्हता. मी सुट्टीला गावी गेले तर डेअरीच्या कट्ट्यावर मला घेरलंच. "मंगळावर माणसं हायती म्हणं?" "त्यांच्यात ऊस हाय का?" शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "तुझ्या पत्रिकेत मंगळ हाय म्हणून लगीन जमंना, आन तू त्याच्याच मागं लागलीस व्हय." मी म्हटलं, "काकू, तो लागण्यापेक्षा मीच लागलेली बरी." सगळे हसले. तात्या तेवढे हसले नाहीत, कारण माझं पुण्यातलं बस्तान डळमळायला लागलंय हे घरात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

गोष्ट अशी होती. माझ्या वाट्याला आलेले सगळे दगड संग्रहालयातले, जुने. कुणी हातात घेतलेले, कुणी पुसलेले, कुणी लेबल चिकटवलेले. माणसाचं बोट जिथं टेकतं तिथं घाम लागतो आणि घामातही तेच सामान असतं जे मी शोधत होते. म्हणजे दगडात काही सापडलं की मला आनंद व्हायच्या आत सर विचारायचे, "हे वरचं, की कुठल्या शिपायाच्या अंगठ्याचं?" सर म्हणजे माझे मार्गदर्शक. सदाशिव पेठेतले, बारीक अंगाचे, तोंडानं तिखट. त्यांचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं. त्यांनी मला स्पष्टच सांगून ठेवलं होतं की खात्रीचा, आतून कोरा असा एक तरी तुकडा हाताला लागला तर प्रबंध उभा राहील, नाहीतर शिष्यवृत्ती संपेल तेव्हा थांबायचं. बारामतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायची जागा माझ्यासाठी धरून ठेवल्यासारखीच होती. जागा वाईट नव्हती. पण तिकडं गेले असते तर माझा प्रश्न अर्धाच राहिला असता, आणि अर्धवट काही टाकून यायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. मला एक कोरा तुकडा हवा होता. देवाकडं मागावा तसा मी तो मनातल्या मनात मागत होते.

दिवाळी होऊन गेल्यावर तात्यांचा फोन आला. तात्या डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवायचे. बारामतीपासून इंदापूरच्या अंगापर्यंत त्यांची फेरी असायची, आणि दुधाबरोबर गावोगावच्या बातम्याही गोळा व्हायच्या. एसटीडी बूथमधून ओरडूनच बोलले. "लोणी देवकरच्या अलीकडं एक वस्ती हाय. तितं आभाळातनं दगड पडलाय. काळा हाय म्हंत्यात. दसऱ्याच्या आसपास पडला, मला आज कळतंय. येतीस का?"

मी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीत होते.

टेम्पोत तात्यांच्या शेजारी बसून निघाले. मागं रिकामे कॅन आपटत होते. बारामती सोडली की काही अंतर उसाचं हिरवं, मग मधेच माळ, मग पुन्हा कालवा आणि ऊस. लोणी देवकरकडं तेव्हा कारखान्यांची पत्र्याची शेड नुकती उठत होती. तात्या म्हणाले, "हितली माणसं आपल्यातलीच हायत. लांबून पाव्हणंच लागत्यात. आबा म्हणायचं म्हाताऱ्याला, आन त्यांच्या मंडळीला मामी. तोंड जपून वापर." त्यांना माझं तोंड माहीत होतं.

वस्ती म्हणजे एकच घर, गोठा, पुढं लिंब आणि मागं कालव्यावरचा ऊस. त्या घरानं मेंढरं सोडून जमीन करायला घेतली त्याला एक पिढी झाली होती, आमच्यासारखंच. आमच्याकडंही आजोबांपर्यंत मेंढरं होती. दाराशी आबा भेटले, पागोटं, मिशा, बोलणं सावकाश. त्यांनीच सांगितलं, सकाळी उसात पाणी धरलं होतं, तेवढ्यात सुरुंग उडाल्यासारखा आवाज झाला. आधी वाटलं कुठल्यातरी कंपनीत काय फुटलं. मग उसात धपाधप काहीतरी पडलं. एक मोठा दगड मात्र उसात नाही, अंगणात पडला, लिंबाखाली. तिथंच मामी झाडत होत्या.

"माझ्यापासनं बाजंएवढ्या अंतरावर," मामी म्हणाल्या. उंच, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू. "मारायचंच आसतं तर मारलं आसतं की त्यानं. मारलं न्हाय. म्हंजी राखायला आलाय."

आणि मग त्यांनी मला आत नेलं. जात्याच्या कोपऱ्यात पाट, पाटावर घोंगडीची घडी आणि त्या घडीवर पिवळाजर्द ढीग. दगड दिसतच नव्हता. भंडारा होता सगळा. भंडारा म्हणजे देवाला उधळायची हळदीची पूड. आमच्या घरांत ती मुलाच्या बारशापासून म्हाताऱ्याच्या दहाव्यापर्यंत असतेच. मामी रोज सकाळी दगडाला करडईच्या तेलाचा हात फिरवायच्या आणि वर भंडारा लावायच्या. तेलानं भंडारा धरतो, उडत नाही. रोज तेल, रोज भंडारा, पडला त्या दिवसापासून.

संग्रहालयातला शिपाई परवडला, निदान त्यानं बोट लावलं असेल. इथं आख्खा दगड तेलात बुडवून काढल्यासारखा. तेल म्हणजे जिवाचंच सामान, हळद म्हणजे जिवाचंच सामान. मी जे शोधायला निघाले होते ते सगळं त्या बाईनं प्रेमानं, रोज, न चुकता, वरून लावून ठेवलं होतं.

"उसातली दगडं?" मी विचारलं. "ती कुठंयत?"

आबा मला उसात घेऊन गेले. पाणी देऊन देऊन आणि परतीच्या पावसानं सरीत चिखल झाला होता. त्यांनी एका जागी पाय ठेवून दाखवलं. तिथं नुसता काळा डाग होता. बोटानं चाचपला तर काळा चिखल हाताला आला, खडा एकही नाही. दुसऱ्या जागी तेच. या जातीचा दगड पाण्यात विरघळतो म्हणा, विस्कटतो म्हणा, ते मला पुस्तकातनं माहीत होतं, पण चिखल हातात धरून उभं राहणं निराळं. जे काही आभाळातनं आलं होतं, त्यातला घरातला तो पिवळा गोळा तेवढा उरला होता.

परत आले तर मामींनी चहा ठेवला होता. माझं तोंड बघून त्यांना काय ते कळलं असावं. त्यांनी सरळ विचारलं, "मी तेल लावलं, भंडारा लावला, त्यानं तुझं काय बिघडलं का?"

तात्यांनी माझ्याकडं डोळे वटारले. पण खोटं बोलायचं कशाला. मी म्हटलं, "व्हय मामी. बिघडलं. आता आतलं कुठलं नि बाहेरचं कुठलं ते कळायचं न्हाय."

मामींच्या बोटांना पिवळं लागलेलं होतं, ते त्यांनी पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "पाणी घातलं आसतं तर चाललं आसतं का?"

"पाणी तर मुळीच न्हाय."

"मग बरं. पयल्या दिवशी आंघूळ घालाया गेले, तर थेंब पडला तितं त्यो बुडबुडला, आन कसला तरी वास सुटला. म्हटलं ह्याला पाणी सोसत न्हाय. तवापासनं तेलावरच ठेवला."

मी तेव्हा नुसतं "हं" म्हटलं. मनात मी बारामतीच्या कॉलेजातल्या फळ्यावर तारीख लिहीत होते. पण रिकाम्या हातानं परतायचं नाही एवढा हट्ट होता. आबांना म्हटलं, दगड मला न्यायला द्या. तोडावा लागेल. काम झालं की उरेल त्यातला तुकडा मी स्वतः आणून देईन, हा शब्द.

आबांनी बराच वेळ तंबाखू मळली. "माझा आसता तर दिला आसता. त्यो आता देव हाय. त्यालाच इचारू."

म्हणजे कौल लावायचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक फुलाची पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि गप बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आबांनी झेंडूची पाकळी या अंगाला, दुसरी त्या अंगाला लावली. हात जोडले. "ही आपलीच पोर हाय. शिकाया तुला न्यायचं म्हंतीय. तोडनार हाय. जायाचं आसंल तर उजवा दे."

मी पुण्यात विज्ञान शिकणारी बाई. तिथं जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्या झेंडूच्या पाकळीकडं असे डोळे लावले की बारावीच्या निकालाकडंही लावले नव्हते.

डावी पडली.

आबांनी मान हलवली आणि उठायला लागले, तोच मामी म्हणाल्या, "ह्यो धरायचा न्हाय. दार उघडं हाय. वारं आलं."

"आगं पर..."

"वारं आलं म्हंते. मला पदराला लागलं. वाऱ्यानं पडल्याला कौल कुठं धरत्यात का?" त्यांनी उठून दार लावलं, खिडकीच्या फटीत फडकं कोंबलं आणि नव्या पाकळ्या घेऊन आल्या. "आता इचारा."

जिला मी नुकतंच "तुम्ही बिघडवलं" असं तोंडावर सांगितलं होतं, ती बाई माझ्यासाठी देवाशी हुज्जत घालत होती. बंद खोलीत आम्ही बसलो. जनावरांचा आवाज तेवढा बाहेरून येत होता. बऱ्याच वेळानं उजवी पाकळी तेलावरून घसरत घसरत खाली आली.

मामींनी स्वतः दगड घोंगडीच्या तुकड्यात बांधून दिला. मी प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशव्या आणल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. निघताना आमच्या चालीनं त्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावायला हात उचलला, आणि मग तो तसाच खाली घेतला. "नको. तुला बाधंल." दगड मांडीवर घेऊन मी टेम्पोत बसले, आणि तात्यांनी मला भिगवणला पुण्याच्या एसटीत बसवून दिलं.

प्रयोगशाळेत मी घोंगडी उलगडली तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "हे अभ्यासाला आणलंय की आरतीला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फटकन "टाकून द्या" म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. त्यांनी आधी सरकारी खात्याला रीतसर कळवलं, कारण असा दगड सापडला की कळवावं लागतं. खात्याचा वाटा खात्याला द्यायचं ठरलं. मग मला म्हणाले, "फोडून बघू. कोरडंच फोडायचं, पाणी नाही, करवत नाही. आशा धरू नका."

छिन्नी लावली. रामफळाएवढा दगड फुटला आणि आत काळाकुट्ट निघाला. बाहेर भंडारा, आत काळं. डोळ्यांना तेल कुठवर मुरलंय ते काहीच कळत नव्हतं. तोच तर घोळ होता. घाम असो की तेल, आत किती गेलं ते दिसत नाही, म्हणून संशय आख्ख्या दगडावर बसतो.

कोपऱ्यात जांभळा दिवा होता. अतिनील प्रकाशाचा, पण आम्ही त्याला जांभळा दिवाच म्हणायचो. काचपट्ट्या तपासायला रोज वापरायचो. भर दुपारी पडदे ओढून मी त्याच्याखाली दुसरंच काहीतरी बघत होते आणि हात पुसायला घोंगडीचा तुकडा ओढला. घोंगडी पेटल्यासारखी उजळली, हिरवट पिवळी. माझी नखं उजळली. भंडाऱ्यातला दगड हाताळलेला, म्हणून नखांच्या कडा चमकत होत्या.

हळद त्या दिव्याखाली चमकते. हे पुस्तकात असतंच, मलाही माहीत होतं, पण माहीत असणं आणि आठवणं वेगळं. मी दगडाचं अर्धुक उचलून दिव्याखाली धरलं. बाहेरची कड नखाएवढी झगझगीत. एका बारक्या चिरेतून ती झळाळी थोडी आत गेलेली, आणि तिथं संपलेली. पुढं काळं. काही नाही. ठार काळं.

"सर," मी हाक मारली. मला वाटतं माझा आवाज फाटला असावा, कारण ते चप्पल न घालताच आले.

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळू म्हणाले, "तेल जिथं गेलंय तिथं हळदही गेलीय. हळद दिसतेय." आणि मग, "बाईनं खूण करून दिलीय हो तुम्हाला."

हीच तर गंमत होती. नुसतं तेल असतं तर काही दिसलं नसतं. नुसता भंडारा असता तर वरच्यावर राहिला असता. तेलात हळद विरघळते, तेलाबरोबर मुरते, आणि जाईल तिथं दिवा लावून जाते. रोजच्या रोज तेल आणि भंडारा लावून मामींनी बाहेरचा हात कुठवर पोचला याची हद्द आखून दिली होती. जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेत अशनीला कुणी असं केलं नसतं, करायला धजलंच नसतं.

पण सर ते सर. दुसऱ्याच क्षणी म्हणाले, "तेल हळदीच्या पुढं पळालं असेल तर?" मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. ते तपासायला तेच तेल आणि तोच भंडारा हवा होता. तात्यांना डेअरीत फोन केला. दोन्ही गोष्टी एसटीच्या कंडक्टरकडं देऊन पोचत्या झाल्या, करडईच्या तेलाची बाटली आणि भंडाऱ्याची पुडी. तात्या फोनवर म्हणाले, "मामी इचारत व्हती, आता कशाला पायजे? आन तिनं पाट रिकामाच ठेवलाय. भंडारा कशालाच लावत न्हाय म्हंती. हाताचा इटाळ व्हतो म्हंती देवाला." मला ते ऐकून कसंसंच झालं.

आमच्याकडच्या दुसऱ्या एका ठिसूळ दगडावर मी मामींसारखंच रोज तेल-भंडारा लावत बसले. लोक येता-जाता बघायचे. एकानं विचारलं, कुठला देव. सर म्हणाले, "प्रबंधाचा." तेल हळदीच्या थोडं पुढं पळतं हे खरंच निघालं. मग आम्ही तेवढी जागा सोडून, शिवाय आणखी बोटभर सोडून, अगदी गाभ्यातला तुकडा घेतला. रामफळातली बी काढावी तसा.

त्यात काय निघालं ते साध्या शब्दांत सांगते. अमिनो आम्लं निघाली. आपलं शरीर ज्यांच्यापासून बनतं त्या विटा. थोडी, पण निघाली. त्यातलं एक असं होतं जे आपल्या शरीराच्या बांधकामात कधी वापरलंच जात नाही, म्हणजे ते कुणाच्या घामाचं असायची शक्यताच नव्हती. आणखी एक गोष्ट. ही आम्लं चपलांसारखी असतात, डावी आणि उजवी. पृथ्वीवरचा जीव, ऊस असो की म्हैस असो की मी, सगळा डाव्याच चपला वापरतो. त्या गाभ्यात डाव्या-उजव्या जवळजवळ सारख्या होत्या. म्हणजे तो माल जिवानं केलेला नव्हता, पण वरचा होता, खराखुरा वरचा. जीव व्हायच्या आधीचं सामान, कुणी न वापरलेलं.

सर यंत्राचा कागद धरून उभे होते. "शिपायाचा अंगठा नाही," एवढंच म्हणाले, आणि मला चहा पाजायला खाली घेऊन गेले. प्रबंध उभा राहिला. बारामतीच्या जागेला मी नकार कळवला. आज इतकी वर्षं मी हेच काम करते आहे, पोटभर करते आहे, ते त्या एका गाभ्याच्या तुकड्यावर.

चैत्रात मी दगड परत द्यायला निघाले. सरांना विचारायची धाकधूक होती, इतका मोलाचा दगड ते देतील का. ते म्हणाले, "शब्द दिलाय ना? मग त्यात विचारायचं काय?" त्यांनीच मळकं कवच असलेला चांगला मोठा तुकडा निवडून दिला.

पुन्हा तात्यांचा टेम्पो, पुन्हा कॅनचा आवाज. लिंबाला मोहोर होता. आबा दाराशीच होते. मी तुकडा त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो कपाळाला लावला. मग विचारलं, "हाय का तितं कुणी?"

मी चपलांचं उदाहरण दिलं. जीव असता तर एकाच पायाच्या सापडल्या असत्या, हितं दोन्ही पायांच्या सापडल्या, उजव्या-डाव्या सारख्या. सामान आहे, घर बांधलेलं नाही.

आबांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "म्हंजी उजवाबी दिला आन डावाबी दिला. दोन्ही कौल दिलं." मग हसले. "तवाबी दोन्ही दिलं हुतं. आजून ठरलं न्हाय म्हन की." इतकी वर्षं मी या विषयावर व्याख्यानं ऐकली आणि दिली, पण यापेक्षा नेमकं मला कुठं ऐकायला मिळालेलं नाही.

मामी आत होत्या. पाट तिथंच होता, जात्याच्या कोपऱ्यात, धुऊन पुसून रिकामा. त्यांनी तुकडा घोंगडीच्या घडीवर ठेवला, लांबूनच हात जोडले आणि मागं सरल्या. बोटं कोरी होती त्यांची.

"तेल कुठंय मामी?" मी विचारलं.

"कशाला?"

"लावायला. भंडारापण आणा."

"नको गं बाई. बिघडंल परत."

मी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं. उसातले सगळे दगड पाण्यानं गेले, हा तुमच्या तेलानं राहिला. त्या पहिल्या थेंबानंतर पाणी आत शिरलं नाही. आणि तेल कुठवर गेलं ते तुमच्या भंडाऱ्यानं मला दाखवलं. तुम्ही लावलं नसतं तर मला कोरी जागा कुठली ते जन्मात कळलं नसतं. मी त्या दिवशी तुम्हाला बिघडलं म्हणाले, कारण मला तेवढंच दिसत होतं. "मामी, माझं शिक्षण तुमच्या हातानं झालं. मला तुमचे पाय शिवायचेत."

त्यांनी पाय मागं ओढून घेतले. मग उठल्या, फळीवरून तेलाची वाटी काढली, भंडाऱ्याचा डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, ते मी उघडून दिलं. पिवळा वास घरभर झाला.

तेलाचा हात दगडावर फिरला. भंडाऱ्याची चिमूट त्यांनी उचलली, दगडाकडं नेली आणि मधेच थांबल्या.

"आता तुला बाधायचं न्हाय ना?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली केली. त्यांनी भंडारा आधी माझ्या कपाळाला लावला, मग त्याच्या.